स्पॉट सांगतो, पण आधी करंट कुठे जातो ते सांग

परवा एका मित्राचा फोन आला. नवीन कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी घेतलीय, पेडलवाली, रॉड होल्डर, फिशफाइंडर सगळं लावून झालंय आणि आता ऑगस्टमध्ये सीक्यूला जाऊन सॅमन पकडायचाय. "तू गेला होतास ना तिकडे, स्पॉट सांग की." स्पॉट सांगायला माझं काय जातंय, 'केव्ह्ज' म्हणून जागा आहे, तिथल्या प्रत्येक बोटवाल्याला माहितीये, लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. पण मी सहज विचारलं, तिथे ओहोटीला करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, कुठल्या दिशेने जातो रे? तर म्हणाला, ते काय तिथे गेल्यावर दिसेलच की.

दोन वर्षांपूर्वी मीपण असंच म्हणालो होतो. आणि दिसलं, नीट दिसलं. फोनवर सांगून त्याच्या डोक्यात शिरेना म्हणून आता इथे सविस्तर लिहितोय, बाकी कोणाला उपयोग झाला तर उत्तमच.

ज्यांनी ही जागा बघितली नाही त्यांच्यासाठी, वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला हुआन डी फुका सामुद्रधुनी आहे, आम्ही नुसतं स्ट्रेट म्हणतो. दक्षिणेला ऑलिंपिक द्वीपकल्प, समोर उत्तरेला कॅनडाचं व्हँकुव्हर बेट, मध्ये साधारण २० किलोमीटर पाणी, आणि पश्चिमेला थेट पॅसिफिक महासागर. सिॲटल, टॅकोमा, व्हँकुव्हरला जाणारं जवळपास प्रत्येक मोठं जहाज इथूनच आत शिरतं आणि आतल्या प्यूजेट साउंड या खाडीच्या नद्यांकडे परत निघालेला बहुतेक सॅमनही इथूनच जातो. म्हणजे मासा, जहाज, भरतीचं पाणी आणि समुद्रावरचा वारा, सगळ्यांचा दरवाजा एकच. सीक्यू हे त्याच दरवाजातलं छोटंसं गाव.

मी कयाक फिशिंग शिकलो ते आत, प्यूजेट साउंडमध्ये. तीन-चार सीझन केले होते. त्यामुळे माशाचं मला बऱ्यापैकी कळतं असं मी समजायचो आणि खरं सांगू का, ते चुकीचंही नव्हतं. कोहो जातीचा सॅमन उजाडताना वरच्या थरात असतो, ऊन चढलं की खाली जातो. चिनूक म्हणजे किंग हा जास्त करून तळाच्या आसपास, जिथे खोली अचानक बदलते तिथे घुटमळतो. गुलाबी सॅमन म्हणजे पिंक प्यूजेट साउंडकडे विषम वर्षी प्रचंड संख्येने येतो आणि सम वर्षी जवळपास दिसतच नाही. पाणी फिरायच्या आसपास मासे तोंड उघडतात. फ्लॅशरच्या म्हणजे चकाकत्या पट्टीच्या मागे हूची हे रबरी आमिष लावलं तर किती अंतर ठेवायचं, हेरिंगचा तुकडा कसा तिरका कापला म्हणजे पाण्यात गोल फिरतो, हे सगळं सीक्यूला तसंच्या तसं लागू पडतं. मासा तोच आहे ना. वाटेत भेटला काय नि घराजवळ भेटला काय.

पाणी मात्र तसं नसतं, ते प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावं लागतं. आणि माझा घोटाळा असा झाला की मासा ओळखीचा आहे म्हणून मी पाणीसुद्धा ओळखीचं धरलं.

तर झालं असं. ऑगस्ट महिना, पावणेसहाला कयाक पाण्यात टाकली. वारा शून्य, पाणी तेल ओतल्यासारखं. आदल्या रात्री मी भरती-ओहोटीचं टेबल बघितलं होतं, भरती आठच्या सुमाराला पूर्ण होणार होती, म्हणजे आठपर्यंत पाणी पूर्वेला, आतल्या बाजूला जाणार, मग थोडा वेळ थांबणार, मग ओहोटी लागणार, म्हणजे साडेआठपर्यंत आरामात मासेमारी आणि मग परत. असा माझा हिशोब. हिशोबातली चूक ज्यांना दिसली त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

चूक ही, की भरतीचं टेबल पाण्याची उंची सांगतं, प्रवाह सांगत नाही. उंची वाढायची थांबली की प्रवाह थांबतो असं आपल्याला वाटतं, पण स्ट्रेटसारख्या लांब अरुंद पाण्यात या दोन वेळा जुळतातच असं नाही, आणि किनाऱ्यालगत तर आणखी वेगळा खेळ असतो. त्यात फ्रेझरसारख्या नद्यांचं गोडं पाणी वरच्या थरातून सतत बाहेर समुद्राकडे जात असतं, त्यामुळे वरच्या थरात ओहोटीचा जोर भरतीपेक्षा जास्त. नोआ ही अमेरिकन सरकारी संस्था करंटचं वेगळं टेबल फुकट देते, स्लॅक म्हणजे प्रवाह थांबायची वेळ कधी, कमाल वेग कधी आणि किती नॉट म्हणजे ताशी सागरी मैल, सगळं. मला ते माहीतसुद्धा होतं. पण प्यूजेट साउंडमध्ये माझ्या नेहमीच्या जागी करंट इतका कमी असायचा की ते टेबल उघडायची सवयच लागली नव्हती.

साडेसातला कोहो लागला. चांगला होता, सात-आठ पौंडाचा असेल, दोनदा हवेत उडाला, एकदा कयाकच्या खालून पलीकडे गेला, मी रॉडचं टोक पुढून फिरवून घेतलं वगैरे. पंधरा मिनिटं गेली. जाळ्यात आला, चरबीचा पंख कापलेला होता म्हणजे हॅचरीत वाढवून सोडलेला, ठेवायला चालणारा. मग मारला, रक्त काढलं, कॅच रेकॉर्ड कार्डवर नोंद केली, फोटो काढले, बायकोला पाठवायला गेलो तर फोनने कॅनडाचा टॉवर पकडला होता, त्याच्याशी खटपट केली, आणि मग, आता कुठे लागायला लागलेत, म्हणून गळ परत खाली सोडला. हे सगळं मिळून चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांत मी किनाऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. वर बघितलं तेव्हा मगाशी डाव्या हाताला असलेला खडक कुठेच नव्हता आणि समोरचा कडा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. करंट आधीच फिरला होता. दीड नॉटचा जरी धरला तरी चाळीस मिनिटांत एक सागरी मैल होतो, आणि तो मैल मला पश्चिमेला, महासागराच्या दिशेने नेण्यात आला होता. फुकट आणि अगदी हळुवार, कयाक हललीसुद्धा नाही.

इथपर्यंतही ठीक होतं. पण स्ट्रेटमध्ये उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, जमीन तापली की समुद्राकडून आत ओढला जातो, दुपारी-संध्याकाळी तर २०-२५ नॉट म्हणजे काही विशेष नाही. त्या दिवशी तो सकाळीच उठला. बरं, वारा पश्चिमेकडून येतोय आणि मला जायचंय पूर्वेला, म्हणजे पाठीवर वारा, उत्तमच की, असं वाटेल. मलाही पाच मिनिटं तसंच वाटलं. पण पाणी चाललंय पश्चिमेला आणि वारा येतोय पश्चिमेकडून, म्हणजे दोघं समोरासमोर. अशा वेळी लाटांची लांबी आखडते, उंची वाढते आणि त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात. तोच वारा भरतीबरोबर असता तर नुसती हलकी खळबळ असती. मागून येणारी उभी लाट कयाकचं बूड उचलते, नाक खाली जातं, कयाक आडवी फिरायला बघते आणि आडवी झाली की पुढची लाट तिला उलटी करते. मांडीवर सात पौंडाचा मासा, मागे दोन रॉड उभे, आणि मी दर लाटेला पॅडल मागे टाकून कयाक सरळ ठेवतोय. तीन नॉटने पॅडल मारणारा माणूस दीड नॉटच्या उलट्या पाण्यात दीड नॉटनेच पुढे जातो, हे गणित शाळेतलं आहे, पण हातांना कळायला वेळ लागतो.

शेवटी वाचवलं ते केल्पने. तिथे किनाऱ्यालगत बुल केल्पचं रान असतं, लांबलचक दोऱ्यासारखा देठ आणि वर कांद्याएवढा फुगा. हे रान लाट मारून टाकतं, आणि कड्यांच्या पुढे आलेल्या टोकांमागे पाणी बरेचदा उलटं फिरत असतं, त्याला एडी म्हणतात, ते पाणी तुम्हाला हव्या त्या दिशेला थोडं ढकलतं. मी केल्प आणि खडकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शिरलो, दमलो की दोन-तीन देठ एकत्र धरून मांडीवर टाकायचे आणि श्वास घ्यायचा, देठ चांगला दणकट असतो. असं करत करत ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत यायला पावणेदोन तास लागले. रॅम्पवर एक म्हातारे बोटवाले काका आपली बोट ट्रेलरवर चढवत होते, त्यांनी मासा बघितला, मला बघितलं, आणि एवढंच विचारलं की एकटाच होतास का. हो म्हटलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

केल्पचं अजून एक. ते रान म्हणजे फुकटचं करंट मीटर आहे. फुगे ज्या दिशेला झुकलेत तिकडे पाणी चाललंय. फुग्यांमागे पाण्याची रेघ उठत असेल तर चांगलाच वेग आहे. आणि फुगे पाण्याखाली ओढले जाऊन दिसेनासे झाले असतील तर तिथे तुमचं काम नाही. खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे बॉय म्हणजे तरंगते गोळेही असंच सांगतात. मला हे दिसत होतं बरं का, त्या सकाळीसुद्धा, पण मी बघत होतो रॉडच्या टोकाकडे.

आता मित्रासाठी कामाचं.

निघायच्या आदल्या रात्री तीन गोष्टी एका कागदावर लिही, फोनमध्ये नको, कागदावर. स्लॅक किती वाजता, कमाल करंट किती वाजता आणि किती नॉट, आणि वारा किती वाजता उठणार. जिथे करंट दोन नॉटच्या वर जाणार तिथे त्या वेळेला आपण पाण्यावर नाही, विषय संपला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात हे आकडे वाढतात. आणि इकडे दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक ओहोटी लहान आणि एक दांडगी, त्यामुळे सकाळी बघितलेल्या करंटवरून दुपारचा अंदाज बांधायचा नाही. आतल्या पाण्यातही अशा जागा आहेत, टॅकोमा नॅरोजमध्ये पाच नॉट, डिसेप्शन पासमध्ये आठच्या आसपास, तिथे चुकीच्या वेळेला गेलास तर पेडल काय नि पॅडल काय.

वाऱ्यासाठी नुसतं फोनमधलं हवामानाचं ॲप बघू नकोस, ते जमिनीवरचं सांगतं. समुद्रासाठी वेगळा सरकारी अंदाज असतो तो वाच आणि समुद्रात तरंगणाऱ्या हवामानाच्या बॉयचे आकडे बघ. स्ट्रेटसाठी नीआ बेजवळचा ४६०८७ आणि न्यू डंजनेसचा ४६०८८. पश्चिमेचा वारा आधी नीआ बेला दिसतो, मग सीक्यूला पोचतो, म्हणजे पहाटे गाडीत बसून ४६०८७ बघितला आणि तिथे वारा चढायला लागलेला असेल तर सरळ परत जाऊन झोप. इकडे स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी २१ नॉटपासून लागते. ती नाहीये म्हणजे कयाकला चालेल असं नाही, माझी सीमा १२ नॉट आहे, आणि करंटच्या विरुद्ध असेल तर आठ. काहीजणांना हे फार भित्रं वाटतं. वाटू दे.

चौथी गोष्ट लिहायची ती परत फिरायची वेळ. स्लॅकच्या अर्धा तास आधीची. घड्याळात गजर लाव, आणि गजर झाला तेव्हा मासा लागलेला असेल तर तो मासा शेवटचा. मी यात फारच कडक झालोय कारण मला स्वतःची खात्री आहे, की मासा लागल्यावर मी विचार करत नाही. म्हणून विचार आदल्या रात्रीच करून ठेवायचा.

कपडे. या मुद्द्यावर मी भांडतो लोकांशी. स्ट्रेटचं पाणी भर उन्हाळ्यात १०-१२ अंश असतं, वर हवा २५ असली तरी. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी आयुष्यभर गार पाण्यात माणसाचं काय होतं याचा अभ्यास केला, स्वतः उड्या मारून, आणि त्यांचा १-१०-१ चा नियम इकडे बहुतेक कयाकवाल्यांना पाठ असतो. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग जवळपास दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि बेशुद्ध व्हायला साधारण एक तास. हे आकडे बर्फासारख्या पाण्याचे आहेत, १२ अंशात थोडे जास्त मिळतील, पण ते पहिलं मिनिट जवळपास तसंच असतं, आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपतो. म्हणजे माणूस गारठून मरायच्या कितीतरी आधी बुडून मरतो. म्हणून लाइफ जॅकेट अंगात, सीटमागे खोचलेलं नाही. आणि ड्रायसूट, आत पाणी न शिरणारा अंगभर सूट. महाग आहे, माहितीये, माझी पहिली कयाक त्याच्यापेक्षा स्वस्त होती. छातीपर्यंतचे वेडर म्हणजे बूट जोडलेली वॉटरप्रूफ पँट घालून जाणारे खूप दिसतात, वेडर तुम्हाला दगडासारखं खाली नेत नाहीत हे खरं, पण आत पाणी भरलं की कयाकवर परत चढता येत नाही, आणि अडचण तीच आहे.

परत चढणं हा प्रकार शंभरातल्या नव्वद जणांनी केलेलाच नसतो असं माझं मत आहे. सिट-ऑन-टॉप म्हणजे वर बसायची कयाक उलटली की आधी ती सरळ करायची, पलीकडची कड किंवा पट्टा धरून अंगावर ओढायची, मग पाय पृष्ठभागाशी आणून लाथा मारत पोटावर चढायचं, मग बूड फिरवून सीटमध्ये, मग पाय. पोट, बूड, पाय, या क्रमाने. तळ्यात, उथळ पाण्यात, सगळं सामान लावून करून बघ, कारण रिकाम्या कयाकवर चढता येतं पण दोन रॉड, जाळं, फिशफाइंडर आणि क्रेट लावलेल्या कयाकवर चढताना प्रत्येक गोष्ट पोटात घुसते आणि दोऱ्या पायात अडकतात. मला पहिल्यांदा चार प्रयत्न लागले, तेही २० अंशाच्या तळ्यात. त्यानंतर मी निम्म्या दोऱ्या काढून टाकल्या.

त्यावरून आठवलं, डाउनरिगर. बोटीवर तो उत्तम, वजनाचा गोळा गळाला हव्या त्या खोलीवर नेतो. कयाकवरही लावतात लोक, लहान गोळा घेऊन. पण अनोळखी तळावर, करंटमध्ये, तो गोळा दगडात अडकला की तार एका बाजूने कयाकला धरून ठेवते आणि पाणी दुसऱ्या बाजूने ढकलतं, कयाक आडवी होऊन कड पाण्याखाली जायला काही सेकंद पुरतात. मी काढून टाकला, आता डायव्हर वापरतो, तो खोली देतो आणि अडकला तर फार तर लाइन तुटते. नांगराचंही तेच. वाहत्या पाण्यात बाजूला नांगर कधीच बांधायचा नाही, नाकाला किंवा शेपटीला, आणि एका झटक्यात सुटणारा. सॅमनसाठी तर नांगर लागतच नाही. छातीवर चाकू मात्र हवा, हाताला लागेल असा.

रेडिओ. हातात धरायचा व्हीएचएफ, पाच-सहा वॉटचा, तरंगणारा, आणि तो लाइफ जॅकेटच्या खिशात, क्रेटमध्ये नाही, कारण कयाक तुझ्यापासून सुटली तर क्रेट तिच्याबरोबर जाणार. चॅनल १६ वर कोस्ट गार्ड ऐकत असतो. पण पाण्याच्या पातळीवर बसलेल्या माणसाच्या अँटेनाची पोच थोडीच मैल असते, आणि कड्याखाली असलास तर तेवढीही नाही, म्हणून मी पीएलबीसुद्धा ठेवतो, ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारणारा डबा, आपल्या नावावर नोंदवलेला. आणि कयाकवर आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहिलेला स्टिकर लाव. रिकामी कयाक वाहत आली की कोस्ट गार्डला शोध सुरू करावा लागतो, नंबर असला तर एका फोनमध्ये कळतं की माणूस घरी चहा पितोय का खरंच पाण्यात आहे.

घरी सांगून जाणे. त्या दिवशी मी बायकोला सांगितलं होतं "दुपारपर्यंत येतो." नंतर ती म्हणाली, "अरे दुपार म्हणजे किती? मी बाराला घाबरायचं का चारला?" बरोबर आहे तिचं. आता कागदाचा फोटो तिच्याकडे जातो, कुठून निघणार, कुठपर्यंत जाणार, कयाकचा रंग, परत यायची वेळ, आणि किती वाजता कोस्ट गार्डला फोन करायचा तो आकडा.

धुकं आणि जहाजं. ऑगस्टमध्ये इकडे धुकं इतकं असतं की लोक महिन्याला 'फॉगस्ट' म्हणतात. बाहेर महासागरात खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून दमट हवा गेली की धुक्याची भिंत तयार होते आणि ती स्ट्रेटमधून आत सरकते. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून एक मीटरही वर नसतो, स्वच्छ हवेतसुद्धा क्षितिज दोन सागरी मैलांवर. मोठं जहाज २० नॉटने येत असेल तर एक मैल तीन मिनिटांत कापतं, तुला तोच मैल ओलांडायला वीस मिनिटं. त्याच्या रडारवर प्लॅस्टिकची कयाक जवळपास दिसतच नाही, आणि समुद्रातल्या वाहतुकीच्या नियमांनुसार जहाजांच्या पट्ट्यात लहान होडीनेच वाट अडवायची नसते. आत येणारी जहाजं अमेरिकेच्या बाजूच्या पट्ट्यातून येतात. म्हणजे आपण किनाऱ्यालगत, केल्पच्या कडेकडेने, कितीही मासे बाहेर उडताना दिसले तरी. जहाज गेल्यावर त्याच्या लाटा काही मिनिटांनी येतात, जहाज विसरलेलं असतं तेव्हा, त्या वेळी कयाकचं नाक तिकडे असू दे. आणि साधं होकायंत्र डेकवर स्क्रूने लावलेलं हवं, धुक्यात माणूस गोल फिरतो आणि शपथ घेऊन सांगतो की सरळ चाललोय.

मासेमारीचे नियम थोडक्यात, कारण ते दर वर्षी बदलतात आणि सीझनच्या मध्येही कोटा संपला की एखादा भाग बंद होतो, म्हणून राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर निघायच्या दिवशी सकाळी बघायचं. सीक्यू म्हणजे मरीन एरिया ५, नीआ बे म्हणजे ४, दोन्हीकडचे नियम वेगळे असू शकतात आणि पाण्यावर काही रेघ आखलेली नसते. इकडे गळाला काटा नसलेला, एकाच टोकाचा हुक लागतो, आणि एक सांगतो, कयाकवर तो तुझ्याच फायद्याचा आहे, कारण तडफडणारा कोहो मांडीवर असताना हुक कुठे घुसेल सांगता येत नाही, बिनकाट्याचा निदान निघतो तरी. जो मासा ठेवता येत नाही तो आत घ्यायचाच नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, म्हणजे ओळख पाण्यातच पटली पाहिजे. पाठीवरचा मोठा पंख आणि शेपटी यांच्यामध्ये छोटासा चरबीचा पंख असेल तर जंगली, कापलेला असेल तर हॅचरीचा. हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही भागांवर ठिपके तर चिनूक, हिरडी पांढरट आणि ठिपके फक्त वरच्या भागावर तर कोहो. हे सगळं हलत्या कयाकवर, एका बाजूला वाकून बघायचंय. वाकताना डोकं कयाकच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही, डोकं गेलं की मागोमाग सगळंच जातं. मासा जवळ आणायचा, आपण माशाकडे जायचं नाही.

पकडलेला मासा दोरीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवू नकोस. सील येतात, सी लायन येतात, आणि सी लायन हा गोंडस प्राणी कयाकपेक्षा जड असतो. ऑर्का म्हणजे किलर व्हेल दिसले तर गळ गुंडाळ. इथल्या सदर्न रेसिडेंट नावाच्या ऑर्कांच्या गटापासून १ जानेवारी २०२५ पासून १००० यार्ड, म्हणजे जवळपास ९१५ मीटर लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते कयाकलाही लागू आहे. ते खातात मुख्यतः चिनूक, म्हणजे त्यांची आणि आपली जागा एकच असणार हे उघड आहे.

कोलंबिया नदीच्या मुखाबद्दलही तो विचारत होता, 'बॉय १०' नावाची प्रसिद्ध मासेमारी असते ऑगस्टमध्ये. त्यावर माझं उत्तर नाही असंच आहे. ओहोटी तिथे नदीचं सगळं पाणी घेऊन बाहेर धावते आणि मुखाशी असलेल्या वाळूच्या बारवर महासागराच्या लाटांना भिडते. सीक्यूला माझं जे झालं ते तिथे झालं असतं तर केल्प नव्हतं, एडी नव्हती, आणि हे लिहायला मीही नसतो.

मागच्या वर्षी परत गेलो सीक्यूला. पहिल्या दिवशी रॉड गाडीतच ठेवला. सकाळी स्लॅकच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नुसता फिरलो, कुठल्या टोकामागे पाणी उलटं फिरतं, कुठल्या फटीत कयाक बाहेर काढता येईल, भरतीला ती फट शिल्लक राहते का, कुठून रस्त्यापर्यंत चढता येईल, हे सगळं बघून नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या. अनोळखी पाण्यावर पहिली फेरी बिनरॉडची, हा आता माझा नियम आहे, कारण रॉड हातात असला की मी पाणी बघतच नाही. कोहो दोन कयाकच्या अंतरावर उड्या मारत होते त्या दिवशी. मी मोजले, अकरा.

हे मित्राला सांगितलं तर म्हणतो, एवढं तीन-साडेतीन तास ड्राइव्ह करून जायचं आणि रॉड गाडीत ठेवायचा? मग जायचं कशाला? त्याच्याशी वाद घालत बसलो नाही. रविवारी त्याला तळ्यावर बोलावलंय, सगळं सामान लावून, कयाक उलटी करायला. ड्रायसूट माझा जुना देतोय त्याला, फक्त त्याची मागची झिप स्वतःची स्वतःला लागत नाही आणि ती पूर्ण लागली नाही तर काय होतं हे मी मुद्दाम सांगितलेलं नाहीये.